थंडीचे दिवस आणि घरातील हात
सोलापूरच्या संक्रांतीतून घ्यावयाचा एक गृहपाठ

सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसास आठवते ते तेथील रणरणते ऊन. परंतु मार्गशीर्ष सरत आला, रब्बीची ज्वारी कणसावर आली आणि पहाटेच्या वाऱ्याला बोच आली, की याच जिल्ह्याचे रूप पालटते. अंगणात शेकोटी पेटते, माळ्यावरचे गाठोडे खाली येते, परात मांडली जाते आणि घरातील लहानथोर काही ना काही करण्यात गुंततात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी मातीचा किल्ला केलेला असतो, कामट्या व रंगीत कागदाचा आकाशकंदील बांधलेला असतो. नाताळ आणि संक्रांतीच्या सुट्ट्या आल्या की या हातांना पुन्हा काम मिळते. हे काम वरवर पाहता सणाची हौस वाटते. जरा बारकाईने पाहिल्यास त्यात विज्ञान आहे, हिशेब आहे आणि समाजाने स्वतःला विचारावा असा एक प्रश्नही आहे. शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी त्याची येथे थोडक्यात मांडणी केली आहे.

सावलीची काठी

पहिला पाठ अगदी बिनखर्चाचा आहे. सपाट अंगणात एक मीटर लांबीची सरळ काठी उभी रोवावी आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. सोलापूर साधारणपणे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरते आणि १४ जानेवारीस ती सुमारे ८१ सेंटिमीटरवर येते. सर्वांत आखूड सावली घड्याळातील बारा वाजता पडत नाही, ती साडेबाराच्या आसपास पडते, हेही मुलांच्या ध्यानात येईल. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे आणि सोलापूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे, हे त्याचे कारण होय.

येथेच एक नेहमीचा गैरसमज दूर करता येतो. दिवस मोठा होऊ लागतो तो संक्रांतीपासून नव्हे, तर २१-२२ डिसेंबरपासून. सोलापुरात त्या वेळी दिवस सुमारे ११ तासांचा असतो. संक्रांत ही सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशाची, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेली तिथी आहे. पृथ्वीच्या अक्षाची दिशा अत्यंत मंद गतीने फिरत असल्याने या दोन घटनांमध्ये सुमारे ७२ वर्षांस एक दिवस याप्रमाणे अंतर पडत गेले. म्हणूनच आज संक्रांत १४ जानेवारीस, आणि २०२४ सालाप्रमाणे कधी १५ जानेवारीस येते. तीन आठवड्यांची सावलीची वही ठेवणाऱ्या मुलास हे पाठ करावे लागत नाही. ते त्याने स्वतः पाहिलेले असते.

वाकळ : उबेचे शास्त्र

सोलापूर हे कापडाचे शहर. १८७७ साली येथे सूतगिरणी सुरू झाली आणि पुढे तिलाच 'जुनी गिरणी' हे नाव पडले. गिरण्या बंद पडल्या, तरी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी सोलापुरी चादर व टॉवेल यांचे नाव देशभर नेले. अलीकडच्या काळात गणवेश शिलाईचा व्यवसायही येथे वाढला आहे. जेथे कापड तेथे कात्रण हे ओघाने आलेच. शहरातील ही कात्रणे आणि खेड्यातील जुनी लुगडी, धोतरे यांच्यापासून घरोघरी वाकळ, म्हणजेच गोधडी, तयार होते.

वाकळ शिवणे हे दिसते तेवढे सोपे नाही. खाली धडके लुगडे ताणून पसरावयाचे, त्यावर जीर्ण कपड्यांचे थर सुरकुती न पडू देता लावावयाचे, वर पुन्हा चांगले कापड घालावयाचे आणि कडेपासून सुरुवात करून आत आत येत धावदोरा घालावयाचा. टाके विरळ पडले तर आतील थर गोळा होतात. फार ताणून घातले तर वाकळ आखडते. दुपारची कामे आटोपल्यावर दोघीतिघी मिळून बसल्या, तरी एका वाकळीस कित्येक दिवस लागतात.

शिक्षकाने येथे एकच प्रश्न विचारावा: वाकळ ऊब देते, ती कोठून आणते? मुले म्हणतील, कापड गरम असते. वास्तविक कापड गरम नसते. ऊब असते ती आपल्या शरीराची. थराथरांत कोंडलेली हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने ती बाहेर जाऊ देत नाही. हे पडताळण्यासाठी एकसारखे दोन तांबे कढत पाण्याने भरावेत, एकास एकेरी कापड व दुसऱ्यास वाकळीचा तुकडा गुंडाळावा आणि अर्ध्या तासाने पाण्यास बोट लावून पाहावे. याच तत्त्वावर भाताचे पातेले वाकळीत गुंडाळून ठेवण्याची आजीची रीत आधारलेली आहे.

काटेरी हलवा : संयमाचे शास्त्र

संक्रांतीच्या घरगुती कामांत सर्वांत अवघड मानला जातो तो हलवा. तीळ, खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे किंवा शेवयांचे तुकडे यांवर साखरेचा काटा चढवावयाचा आणि त्या दाण्यांचे हार, बांगड्या, मुकुट गुंफावयाचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीस आणि तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणास काळ्या वस्त्रावर हे पांढरेशुभ्र दागिने घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे.

कृती अशी. साखरेचा पातळ, एकतारी पाक करावा. त्यात चमचाभर दूध घालून मळी काढून टाकावी. शेगडीवर अगदी मंद आंचेवर परात ठेवून त्यात भाजलेले तीळ घ्यावेत. एक लहान चमचा पाक सोडावा आणि दाणे सुटे होऊन कोरडे होईपर्यंत बोटांच्या टोकांनी हलवीत राहावे. मगच दुसरा चमचा. परातीस चिकटलेली साखर वरचेवर पुसून काढावी. रोज काही तास याप्रमाणे तीनचार दिवस काम चालते, तेव्हा टपोरा काटा दिसू लागतो.

यात घाई का चालत नाही? पाकातील पाणी उडाले की साखरेचे कण आधीच्या कणांवर बसतात आणि टोकाटोकाने वाढतात. एकदम अधिक पाक ओतला तर हे टोक विरघळते व दाणे एकमेकांस चिकटतात. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. पाकात लिंबाचा रस जास्त झाला तर साखरेचे रूपांतर होऊन कण धरत नाहीत. आणि हवा दमट असेल तर साखर ओल शोषून घेते व काटा बसतो. हलवा थंडीतच का करतात, याचे उत्तर येथे आहे: सोलापूरकडील पौषाची हवा कोरडी असते. परंपरेने ऋतू निवडला तो अनुभवाने. आपण त्याचे कारण सांगू शकतो. दोन परातींत दोन प्रकारच्या आंचेवर काम करून मुलांनी फरक टिपून ठेवावा. मात्र शेगडीजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये.

भोगी, हुरडा आणि गड्डा

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, पावटा, गाजर, वांगी, ओला हरभरा, शेंगदाणे यांची एकत्र भाजी असा बेत असतो. तिळात सुमारे निम्मे तेल असते, शिवाय कॅल्शियमचा अंश भरपूर असतो. शेतावर ज्वारी हुरड्यात आली की गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजावयाची, ती हातावर चोळून गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर खावयाचा, हाही याच दिवसांतील आनंद. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. मालदांडी ज्वारीच्या या जिल्ह्यास ते नवे नव्हते. परंतु शहरातील मुलांच्या ताटात भाकरी परत यावी, यासाठी भोगीसारखा दुसरा मुहूर्त नाही.

याच दिवसांत सोलापुरात श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. गावकरी तिला 'गड्डा' म्हणतात. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी कथा आहे. त्या विवाहाचा सोहळा दरवर्षी होतो. उंच नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात आणि अक्षता पडतात. यात्रेत सहभागी होणारे पांढरी बाराबंदी घालतात. ती शिवणे, धुऊन इस्त्री करून ठेवणे ही घराघरांतील कामे होत. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी घरे शेजारीशेजारी नांदतात. एका दारी तिळगूळ, दुसऱ्या दारी एळ्ळु-बेल्ल, तिसऱ्या अंगणात तांदळाच्या पिठाचे मुग्गुलू असे दृश्य मुलांना सहज दाखविता येते. राष्ट्रीय एकात्मतेचा पाठ याहून सोपा कोणता?

पतंगाविषयी एक सूचना आवश्यक आहे. कामट्या, कागद व खळ यांचा पतंग मुलांनी घरी जरूर करावा, पण दोरा साधा सुती असावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्याने पक्षी मरतात आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात.

हात कोणाचे, मान कोणाचा

आता त्या प्रश्नाकडे वळू. वर वर्णिलेली कामे कोण करते? बहुधा घरातील स्त्रिया आणि मुली. मुलगे पतंग उडवितात, मुली परातीशी बसतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे त्यात जातो. सणाच्या दिवसांत हे ओझे कोणावर वाढते, हे सांगावयास नको.

याहून बोचणारी गोष्ट दुसरी आहे. पुष्कळ घरांत हलव्याचा काटा उत्तम आणणारी एखादी वडीलधारी बाई असते. आत्या, मावशी किंवा थोरली जाऊ. तीनचार दिवस परातीशी बसून ती दागिने सिद्ध करते. पण ती विधवा असेल, तर हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराआडच राहते. तिने गुंफलेला हार सुनेच्या गळ्यात दुसरे कोणी घालते. तिळगूळ गोड बोलण्यासाठी असतो असे आपण म्हणतो; पण घरातील ज्या हातांनी तो वळला, त्यांनाच आपण पंगतीबाहेर ठेवतो.

या प्रथेविरुद्धच्या प्रयत्नात सोलापूर जिल्ह्याचा वाटा आहे, ही अभिमानाची बाब होय. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने विधवा प्रथाबंदीचा आग्रह धरला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने तसा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनी हे उदाहरण पुढे ठेवावे, असे परिपत्रक काढले. परिपत्रकाने दार उघडते; उंबरा ओलांडून आत बोलावणे हे मात्र घरातील माणसांनाच करावे लागते.

काय करता येईल

हाताने काम करीत शिकावे, हा विचार आपणास नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची सूचना आहे. या सर्वांस लागणारी कार्यशाळा हिवाळ्यात प्रत्येक घरी आपोआप उघडते. तिचा उपयोग करून घेण्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, सुट्टीचा गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने व मुलीने घरातील एक वस्तू वडीलधाऱ्यांकडून शिकून करावी आणि कृती, साहित्य व लागलेला वेळ वहीत लिहावा. मुलग्यांना वाकळीचा टाका आणि मुलींना पतंगाची कामटी आवर्जून द्यावी.

दोन, गणिताच्या तासाला त्या वेळेचा हिशेब करावा. एका वाकळीस किती तास लागले, शेतमजुरीच्या दराने त्याची किंमत किती, हे मुलांनी काढले म्हणजे आईच्या कामाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल. बचतगटांनाही आपल्या मालाची किंमत ठरविताना हाच हिशेब उपयोगी पडेल.

तीन, सुट्टीनंतर शाळेत या वस्तूंचे लहानसे प्रदर्शन भरवावे. गावातील ज्या वृद्ध स्त्रियांना ही कला अवगत आहे, त्यांना शिक्षक म्हणून सन्मानाने पाचारण करावे.

चार, ग्रामपंचायतीने संक्रांतीचा तिळगूळ समारंभ सर्व स्त्रियांसाठी खुला ठेवावा आणि पहिले वाण गावातील एखाद्या विधवा भगिनीच्या हस्ते द्यावे. सरपंचांच्या घरापासून आरंभ झाल्यास इतरांचा संकोच लवकर जाईल.

खर्चाच्या तरतुदीची वाट पाहावी असे यात काही नाही. काठी, जुने लुगडे, परात आणि मूठभर तीळ एवढेच भांडवल पुरते. वाकळीत जीर्ण तुकडाही टाकला जात नाही. त्याला त्याची जागा मिळते आणि सर्वांच्या उबेत त्याचा वाटा असतो. घरातील आणि गावातील माणसांच्या बाबतीत आपण निदान एवढे तरी येत्या संक्रांतीस करावे.