खोक्यावरचा तीसचा आकडा

नालासोपारा पूर्वेला तळमजल्यावर भाड्यानं राहायचं म्हणजे पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या: उंबऱ्याशी पाणी आणि वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या. २०१८च्या जुलैत तर अख्खं वसई-विरार पाण्यात होतं. पाणी ओसरतं, वीज येते, भिंती मात्र पुढं कितीतरी दिवस ओल्याच राहतात.

मुख्य बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारं यंत्र, बसवणं हा खरा उपाय. पण घरमालक बोर्डाला हात लावू देईना, म्हणून तेच काम करणारं, सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र शोधायला निघालो. दुकानदारानं “शॉकप्रूफ आहे, साहेब” म्हणत स्पाइक गार्ड पुढे केला. तो टीव्हीला वाचवतो, माणसाला नाही. एमसीबीचंही तेच, १६ अँपिअरचा एमसीबी पडायच्या कितीतरी आधी माणूस दगावतो. आपल्याला हवं ते यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतं, आणि तफावत ३० मिलिअँपिअरवर जाताच वीज तोडतं. खोक्यावर हा आकडा नसेल तर खोकं परत ठेवा. ३०० लिहिलेलं असेल तर ते आग टाळण्यासाठी आहे. परदेशातून कुणी आणून देत असेल तरी जपून: अमेरिकेतली यंत्रं १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. यातली काही यंत्रं वीज गेली की बंद पडतात आणि ती परत आली तरी बटण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत. ड्रिल मशीनला हे उत्तम. फ्रिजला तसलं लावून गावी गेलात, तर आपल्याकडची वीज लक्षात घेता मासळीचा वास जिन्यापर्यंत येईल! एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर यंत्र भिंतीकडच्या टोकाला लावा, म्हणजे मधली वायरही त्याच्या पहाऱ्यात येते.

एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर मात्र ते काही करणार नाही; त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब. अर्थिंग नसली तरी ते पडतं, पण करंट आधी तुमच्या अंगातून जातो. अर्थिंग असेल तर कुणी हात लावण्याआधीच पडतं. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबावंच, पण त्यावरून अर्थिंग कळत नाही. मी वायरमनकडून सॉकेट उघडून घेतला. तिसऱ्या भोकामागं तारच नव्हती. ते बघितल्यावर घरमालक बोर्ड उघडू द्यायला तयार झाला, खर्च निम्मा-निम्मा ठरवून.