गाडीचा दम वाढवावा कसा?

लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. भट्टीत कोळसा तोच असतो. पण भाता हलू लागला की विस्तव लालबुंद होतो. कोळसा वाढला का? नाही. वारा वाढला. वारा मिळाला, म्हणून तोच कोळसा जोराने जळला.

मोटारीतल्या टर्बोचे काम असेच आहे. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. आज डिझेलच्या बहुतेक सर्व मोटारींना टर्बो असतो. पेट्रोलच्या पुष्कळ गाड्यांनाही असतो. अशी गाडी ज्याच्या दारात आहे, त्याला कोणीतरी भेटतोच आणि सांगतो, "थोडा खर्च कर. मग बघ गाडी कशी पळते ती!"

खर्च करावा की नाही? करावा तर आधी कशावर, मग कशावर? घामाचा पैसा आहे. गाडीत आपलीच माणसे बसतात. म्हणून हे नीट समजून घेऊ या.

भाता कोण हलवतो?

इंजिनात तेल जळते आणि धूर बाहेर पडतो. हा धूर फार गरम असतो. तो मोठ्या जोराने बाहेर येतो. साध्या गाडीत तो जोर सायलेन्सरमधून फुकट जातो. टर्बोच्या गाडीत तो वाटेत एक पंखा फिरवतो. त्याच पंख्याच्या दांड्याला दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त गेली की तेलही जास्त जाळता येते. म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनासारखे काम करते.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात त्याला सांभाळतो कोण? इंजिन ऑइलचा पातळसा थर. ऑइल घाण झाले किंवा कमी पडले, की टर्बो गेलाच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, ते याचमुळे. तापलेली हवा फुगते आणि इंजिनात कमी मावते. म्हणून टर्बोतून निघालेली हवा एका जाळीच्या खोक्यातून थंड करून नेतात. त्याला इंटरकूलर म्हणतात. टर्बो, इंटरकूलर आणि इंजिन यांना जोडणारे जाड रबरी पाइप असतात. हे पाइप ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ही युक्ती काही कालची नाही. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांत आली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेर या मोटारी टर्बो लावून विक्रीस निघाल्या.

आमच्या पुतण्याची गोष्ट

आमचा एक पुतण्या वाईजवळ राहतो. नोकरी शिरवळच्या एका कारखान्यात. २०२२ साली त्याने डिझेलची एक जुनी गाडी घेतली. ताकद ७५ अश्वशक्ती, टर्बो लावलेला. रोज जाणे-येणे त्याच गाडीने. परतताना खंबाटकीचा घाट चढावा लागे.

पहिले काही महिने गाडी छान चालली. दिवाळीनंतर मात्र ती ओढेना. घाटात जिथे तिसरा गिअर पुरत असे, तिथे दुसरा टाकावा लागे. मागे काळा धूर दिसू लागला. पुतण्याला वाटले, इंजिनच लहान पडते.

जादा पाळ्या करून त्याने ४०,००० रुपये साठवले होते. एका दुकानदाराने त्याला एक डबी विकली. ही डबी इंजिनाच्या तारेत बसवतात. ती गाडीच्या संगणकाला फसवते आणि जास्त डिझेल सोडायला लावते. डबीचे १८,००० झाले. शिवाय उघड्या तोंडाचा एअर फिल्टर ६,००० चा. "पाव हिश्श्याने ताकद वाढेल," असे दुकानदाराने सांगितले.

चार दिवस गाडी खरेच चपळ वाटली. पुतण्या खूश. धूर वाढला होता, पण त्याने तिकडे पाहिले नाही.

मग एका रविवारी तो आईला आणि बायकोला घेऊन पुण्याहून परतत होता. घाट अर्धा चढून झाला. एकाएकी इंजिन ओरडू लागले, पण गाडी पुढे जाईना. जळका वास सुटला. वळणावरच गाडी थांबली. मागे उसाने भरलेला ट्रक होता. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून निभावले. पुतण्याने चाकामागे दगड लावले. सगळे कठड्याला टेकून उभे राहिले. वहिनींच्या हाताची थरथर बराच वेळ थांबली नाही.

क्लच जळला होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ती क्लचमधून. जुना, झिजलेला क्लच ७५ अश्वशक्ती कशीबशी पेलत होता. वरचा बोजा त्याला पेलला नाही.

साबणाचे पाणी

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. आम्हीही बरोबर गेलो. मिस्त्री वयाने मोठे, हात काळे, बोलणे थोडे. त्यांनी विचारले, "गाडी मंद कधीपासून झाली रे?"

"दिवाळीपासून, मिस्त्रीकाका."

"मग तेव्हा का नाही आलास?"

पुतण्या गप्प बसला.

मिस्त्रींनी टर्बोच्या पाइपाचे एक तोंड बंद केले. दुसऱ्या तोंडातून थोडी हवा भरली. मग साबणाचे पाणी घेऊन सगळ्या पाइपांवर फिरवले. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो, तसेच हे. इंटरकूलरजवळच्या पाइपावर भराभर बुडबुडे आले. रबराला बोटभर चीर पडली होती.

मिस्त्री म्हणाले, "हे बघ. भात्याला भोक पडलंय, आणि तू कोळसा वाढवत बसलास!"

यातच सगळा धडा आला. टर्बो हवा दाबत होता, पण ती वाटेतच निसटत होती. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणून धूर. डबीने डिझेल आणखी वाढवले. म्हणून धूर आणखी. नवा पाइप आणि क्लिप मिळून दीड हजारांच्या आत काम झाले असते.

पहिली पायरी: आहे ती ताकद परत मिळवा

नवे काही घेण्याआधी गाडीकडे तिची स्वतःची ताकद आहे का, ते पहा.

१. रबरी पाइपांना चीर नाही ना? क्लिपा घट्ट आहेत ना?

२. एअर फिल्टर धुळीने भरला नाही ना? डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलला का? पेट्रोलची गाडी असेल तर स्पार्क प्लग तपासा.

३. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे त्याच जातीचे आहे का? तारीख उलटून गेली नाही ना?

४. कूलंट पुरेसे आहे का? इंटरकूलरची जाळी चिखलाने बुजली नाही ना?

५. एखादे चाक ब्रेकमध्ये अडकत नाही ना? टायरात हवा बरोबर आहे ना?

एवढे झाले की पुष्कळांना कळते, आपली गाडी मुळात कमी ताकदीची नव्हतीच.

दुसरी पायरी: थांबण्याची ताकद

गाडी जोरात धावली तर तितक्याच जोरात थांबलीही पाहिजे. यात एक हिशेब आहे. ताशी ७० किलोमीटरच्या वेगाऐवजी ताशी १०० चा वेग घेतला, तर वेग दीडपटसुद्धा झाला नाही. पण थांबताना ब्रेकवर येणारा भार दुप्पट होतो. थांबायला अंतरही तितकेच जास्त लागते.

म्हणून पैसा आधी टायरांवर घाला. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बाद. खाचेत एक छोटा उंचवटा असतो. रबर त्याला टेकले की ओळखा. मग ब्रेक पॅड पहा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. उतारावर ब्रेक तापले तर असे ऑइल उकळते आणि पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ लागतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

तिसरी पायरी: मगच ताकद वाढवण्याचा विचार

टर्बोच्या गाडीची ताकद वाढवणे सोपे असते, हे खरे. गाडीच्या संगणकात भरलेले हिशेब बदलतात. त्याला रिमॅप म्हणतात. टर्बो जास्त हवा दाबतो, तेल जास्त जाते, गाडी उसळते. पण वाढलेली ताकद कोणी ना कोणी सोसायचीच असते. क्लच सोसतो, गिअर सोसतात, पिस्टन सोसतो, टर्बोचा दांडा सोसतो. कारखान्याने थोडी शिल्लक ठेवलेली असते. ती उन्हाळ्यासाठी, घाटासाठी, भरलेल्या गाडीसाठी असते. ती शिल्लक आपण रोजच खर्च केली, तर अडचणीला काय उरणार?

पेट्रोलच्या गाडीत आणखी एक धोका आहे. फार दाबलेली, फार तापलेली हवा आत गेली तर पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटते. इंजिनातून टकटक ऐकू येते. ही टकटक म्हणजे पिस्टनवर पडणारे घाव. म्हणून पुस्तकात जेवढ्या ऑक्टेनचे पेट्रोल सांगितले आहे, त्याहून हलके कधी भरू नये.

बाकीच्या वस्तू थोडक्यात पाहू. उघडा फिल्टर आवाज मोठा करतो, पण पुष्कळदा बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. मोठा टर्बो फिरायला वेळ लावतो; गावातल्या गर्दीत गाडी उलट मंद वाटते. मोठा इंटरकूलर कामाचा असतो, पण मूळचा कमी पडत असेल तरच. धूर शुद्ध करणारा भाग काढून टाकणे तर मुळीच करू नये. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ५२ व्या कलमात गाडीतील बदलांना बंधन घातले आहे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय बदल लपवला, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. इंजिनाला हात लावण्याआधी आर. टी. ओ. कचेरीत विचारा. विमा कंपनीलाही विचारा. उत्तर लेखी घ्या. लिहितावाचता येते, त्याचा हा उपयोग!

पुढे काय झाले?

पुतण्याजवळ १६,००० रुपये उरले होते. डबी त्याने काढून टाकली. दुकानदाराने ती परत घेतली नाही. क्लच आणि पाइप बदलला. जुना बंद फिल्टर पुन्हा बसवला. पैसे संपले. टायरांसाठी त्याला आणखी तीन महिने थांबावे लागले. तोवर तो पावसात हळू चालवत असे.

आता गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जाते. ताकद तीच, ७५ अश्वशक्ती. चढ संपवून घरी आला की तो गाडी लगेच बंद करीत नाही. मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवतो. तापलेल्या टर्बोला तेवढ्यात ऑइल मिळते आणि तो निवतो. वहिनी आता पुन्हा त्या गाडीत बसतात. पण बसण्याआधी विचारतात, "अरे, पाइप बघितलास का?"

लक्षात ठेवा

आधी दुरुस्ती. मग टायर आणि ब्रेक. ताकद वाढवणे सर्वांत शेवटी, तेही कायदा आणि क्लच दोघांना विचारून.

उत्तरे द्या

१. टर्बोला इंजिनाचा भाता का म्हटले आहे?

२. मिस्त्रींनी पाइपातील चीर कशी शोधली?

३. वेग ७० वरून १०० झाला, तर ब्रेकवरचा भार किती वाढतो?

४. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचे पुस्तक उघडा. त्यात इंजिन ऑइलची कोणती जात लिहिली आहे? ती वहीत उतरवून घ्या.