मूठ आवळण्याआधीचा श्वास

पालकहो,

कुणकेश्वरच्या आपल्या कराटे क्लासला मुलांना सोडायला येता, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "सर, झिलाक पुढचो बेल्ट कधी गावतलो?" मूल घाम गाळतं, त्याचं चीज व्हावं असं आईवडिलांना वाटणारच. पण आज मला बोलायचं आहे ते मुलाच्या मनाच्या तयारीबद्दल.

सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलं गुडघे दुमडून, डोळे मिटून शांत बसतात. हा मोकुसो. काहींना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण शाळेतलं भांडण, परीक्षेची धास्ती, मोबाइलमधला खेळ असं सगळं डोक्यात घेऊन मूल येतं. त्या दोन-चार मिनिटांत ते फक्त श्वास बघतं. मन भरकटलं की स्वतःवर न चिडता त्याला परत आणतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात मुलांना शिकवतात ती आनापाना ध्यानपद्धतीही अशीच सहज श्वासावर उभी आहे.

मग मुलं किनाऱ्यावर काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका करतात. भुसभुशीत वाळूत पाय रुततो, ओल्या वाळूवर तो घट्ट बसतो. तोल कुठे जातोय हे तळव्याला कळू लागलं की हालचाल आपोआप सुधारते.

कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, खरी परीक्षा होते. घाबरलेल्या मुलाला समोरच्याचा सरकलेला पाय दिसत नाही. ठोसा मारल्यावरही सावधपणा सुटू द्यायचा नसतो. हा झानशिन स्पर्धेत गुण देतानाही बघतात. आणि 'यामे', म्हणजे 'थांबा', ऐकताच हात जागच्या जागी थांबला पाहिजे. हा संयम कराटेच्या शिकवणीतच आहे. १९२२ मध्ये ओकिनावातून टोकियोला कराटे नेणारे गिचिन फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. पहिला वार आपला नसावा, हे त्यांच्या २० सूत्रांपैकी एक. राग चढतोय हे ज्याला वेळीच कळतं, त्यालाच हे सूत्र पाळता येतं.

घरी तुम्ही काय कराल? दिवेलागणीला पाच मिनिटं मुलाजवळ बसा. तुमचाही फोन बाजूला असू द्या. श्वास रोखायला लावू नका, येतो तसा येऊ द्या. डोळे मिटून अस्वस्थ वाटत असेल, तर उघडे ठेवू द्या. मस्ती केल्याची शिक्षा म्हणून मात्र कधीच बसवू नका. शिक्षा झाली की शांतताही मुलाला नकोशी होते. शेजारच्या मुलाशी तुलनाही टाळा.

आणि एखाद्या दिवशी मूल सांगेल, "आज मला खूप राग आला होता, पण मी थांबलो." त्या दिवशी त्याला जवळ घ्या, मनापासून शाबासकी द्या. क्लासमध्ये आम्ही बीज पेरतो. ते रुजवायला घरातली तुमची साथ हवी. एवढी द्याच, ही कळकळीची विनंती.