रानातील पिल्ले आणि गावाची जबाबदारी

भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. तितकाच तो वनांचाही जिल्हा आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी वनवैभवाचा काही वाटा भंडाऱ्याकडे राहिला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये व कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. २०१३ मध्येच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला व कोका त्याचा भाग बनले. या वनांना लागूनच गावे व धानाच्या बांध्या आहेत. त्यामुळे मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना किंवा तणशीचे ढीग उचलताना वन्यप्राण्याचे पिल्लू दृष्टीस पडणे येथे नवलाचे नाही. असे पिल्लू दिसले की ते अनाथ समजून घरी आणले जाते. हेतू दयेचा असतो. परिणाम मात्र बहुधा उलट होतो. आई असलेले पिल्लू माणसाच्या हातूनच अनाथ होते.

एकटे म्हणजे अनाथ नव्हे

चितळाची मादी आपले नवजात पाडस गवतात दडवून चरावयास जाते. पाडसाच्या अंगावरील ठिपके त्याला पाचोळ्यात लपवितात. संकटाची चाहूल लागताच निश्चल पडून राहणे हेच त्याचे संरक्षण असते. ते हलत नाही, म्हणून ते आजारी आहे असा समज करून घेणे चुकीचे होय. दूध पाजण्यासाठी आई ठराविक वेळाने परत येते. परंतु सभोवती माणसांची गर्दी असेल तर ती जवळ येण्यास धजत नाही.

बिबट्याची व रानमांजराची मादीही शिकारीस जाताना पिल्लांना झुडपात किंवा उभ्या पिकात ठेवून जाते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे वारंवार आढळतात. तेथे वन विभाग पशुवैद्यकांकरवी बछड्यांची तपासणी करून घेतो आणि सायंकाळी त्याच जागी ती खोक्यात ठेवतो. आसपास स्वयंचलित कॅमेरे लावून कर्मचारी दूर थांबतात. रात्रीच्या अंधारात मादी येते व आपली पिल्ले एकेक करून घेऊन जाते. अशा रीतीने अनेक बछड्यांची मातेशी पुनर्भेट घडविण्यात आली आहे. पुनर्वसनाचा याहून स्वस्त व यशस्वी मार्ग नाही.

खरोखर अनाथ कोण?

मृत मादीजवळ आढळलेले, जखमी झालेले, कुत्र्यांनी चावलेले किंवा विहिरीत पडलेले पिल्लू मात्र साहाय्यास पात्र ठरते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ साकोली व देवरी यांच्या दरम्यान नवेगाव व नागझिरा यांना जोडणाऱ्या वनांतून जातो. अशा रस्त्यावर वाहनाखाली आलेल्या वानरीच्या पोटाशी बिलगलेले पिल्लू दिसले, तर त्याची वर्दी तत्काळ देणे आवश्यक असते. त्यासाठी वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

वनरक्षक येईपर्यंतचे कर्तव्य सोपे आहे. कुत्री व बघ्यांना दूर ठेवावे. पिल्लाला हलविणे अपरिहार्यच असेल, तर हवा खेळती राहील अशा खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. हरणवर्गीय प्राणी पाठलागाने व हाताळणीने इतके घाबरतात, की त्या धक्क्यानेच दगावतात. गाईचे दूध पाजू नये. त्याने हगवण लागून पिल्लू खंगते. कुत्र्याने चावलेल्या प्राण्यास उघड्या हातांनी स्पर्श करू नये, कारण त्यात रेबीजचा धोका असतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ अन्वये असा प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. हरणाचे पाडस अंगणात बांधणे किंवा रानातील पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. या कायद्यामागे अनुभवही आहे. हातावर वाढलेल्या चितळाच्या नराला शिंगे आली की तो घरच्यांवरच धावून जातो. माणसाची भीती गेलेला असा प्राणी रानात सोडला, तर कुत्र्यांना व शिकाऱ्यांना सहज बळी पडतो.

परतीची वाट अवघड

वन्यप्राण्यांवरील उपचारांसाठी नागपूर येथे सेमिनरी हिल्स येथील उपचार केंद्र व गोरेवाडा येथील बचाव केंद्र आहे. तथापि उपचार करणे व रानात परत धाडणे यांत मोठे अंतर आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार अनाथ बछडे किमान दोन वर्षे वनातील बंदिस्त क्षेत्रात वाढवावे लागते आणि त्याने किमान ५० यशस्वी शिकारी केल्यानंतरच त्याच्या मुक्ततेचा विचार होतो.

कान्हा येथे अशा रीतीने वाढविलेल्या दोन अनाथ वाघिणी २०११ मध्ये पन्ना येथे सोडण्यात आल्या व तेथे त्यांची वंशवृद्धी झाली. याउलट, यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघिणीच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये ताब्यात घेतलेली तिची मादी बछडी पेंच येथे वाढविण्यात आली. मार्च २०२१ मध्ये तिला मुक्त करण्यात आले. परंतु काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली व दगावली. दोन वर्षांहून अधिक काळाचे परिश्रमही आईच्या शिकवणुकीची व स्वतःच्या हद्दीची उणीव भरून काढतीलच, अशी खात्री देता येत नाही.

घराची गरज कोणाला?

रानातील पिल्लू घरी आणले जाते आणि गावातील कुत्रीचे पिल्लू मात्र उकिरड्यावर टाकले जाते, ही विसंगती आहे. वस्तुतः घराची गरज आहे ती या दुसऱ्या पिल्लाला. ते आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहू द्यावे, नंतर एखाद्या कुटुंबाने दत्तक घ्यावे, पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घ्यावी व पुढे नसबंदी करावी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे.

याचा संबंध थेट वनांशी आहे. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पाडसांचा फडशा पाडतात. गीरमध्ये २०१८ साली सिंहांत आढळलेला डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांतही असतो. कुत्र्याला घर व लस मिळाली, की रानातील पिल्लालाही अभय मिळते.

ग्रामपंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतींनी कठडे नसलेल्या विहिरींची यादी करून त्यांना कठडे बांधून घ्यावेत. वनरक्षकाचे नाव व १९२६ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर रंगवावा. तेंदू हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा. जैवविविधता व्यवस्थापन समितीने पिल्ले आढळल्याच्या घटनांची नोंद ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच नियम शिकविला तरी पुरे: पिल्लू दिसले तर हात लावू नये, मागे सरावे व मोठ्यांना सांगावे.

रानातले रानात राहावे आणि गावातल्याला गावात घर मिळावे, एवढे भान गावाने ठेवले तर अनेक पिल्लांवर अनाथ होण्याची वेळच येणार नाही.