खुडूक की आजारी?

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सातवीची एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती रडवेली होऊन. विचारले तर म्हणाली, "सर, माझी कोंबडी मेली." वर्गातली काही मुले हसली. मला हसू आले नाही. त्या घरी पाचच कोंबड्या आहेत आणि त्यांच्या अंड्यांवर तिच्या वह्या-पेनांचा खर्च निघतो, हे मला ठाऊक होते. कोंबडी सारखी खुराड्यात जाऊन बसत होती, तेव्हा आजी म्हणाली, "खुडूक झाली असेल, बसू दे." मेल्यावर पोट चिरून पाहिले तर आत अख्खे अंडे अडकलेले.

ही चूक आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात घरोघरी होत असावी. म्हणून दोन्हींतला फरक नीट समजून घ्या.

खुडूक कोंबडी घरट्यात पसरून बसते, हात नेला की पिसे फुलवून ओरडते, चोच मारते. दिवसातून एकदा उठून खाते आणि भली मोठी विष्ठा टाकते. ती आजारी नसते. अंडे अडकलेली कोंबडी घरट्यात जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. अंग ताठ उभे धरून शेपूट खाली पाडते आणि कुंथते. तुरा फिका पडतो, विष्ठा होत नाही किंवा पांढरी पातळ होते. उचलले तरी भांडत नाही. हे शेवटचे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कोंबडीचे बहुधा फक्त डावे अंडाशय काम करते. तिथून बलक सुटला की अंडनलिकेतून पूर्ण अंडे बाहेर येईपर्यंत साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले जवळजवळ 20 तास एकट्या कवचाला जातात. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. (अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. हा प्रयोग नववीच्या मुलांनी करून पाहावा.) एका अंड्याला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागते. आपण मात्र मका, ज्वारी आणि कोंडा टाकतो, ज्यात कॅल्शियम नावापुरतेच. मग कवच पातळ, अंडे मऊ आणि स्नायू थकलेले. आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी एक भर पडते. कोंबडी उन्हाने धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवच अधिकच पातळ होते.

अडकल्याची शंका आली तर कोंबडीला कोमट पाण्याच्या घमेल्यात पोट बुडेल अशी 15-20 मिनिटे धरा. मग पुसून, शेपटीखालच्या वाटेला खोबरेल तेल लावून अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा आणि पाणी पाजा. पोट दाबून अंडे काढू नका, आत फोडू तर मुळीच नका. कवचाचे तुकडे आतून जखम करतात. संध्याकाळपर्यंत अंडे आले नाही तर पशुचिकित्सालयात न्या, तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते. दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नका, कोंबडी एक-दोन दिवसांत मरू शकते.

कधी लाल मांस बाहेर लोंबते. अशा कोंबडीला आधी वेगळी करा, कारण बाकीच्या टोचून टोचून तिचा जीव घेतात. स्वच्छ पाण्याने धुऊन, तेल लावलेल्या बोटाने हळूच आत सारावे. पुन्हा पुन्हा बाहेर आले तर डॉक्टरच हवेत. पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे लागत असेल, तर बलक पोटात सांडून सडल्याची शक्यता असते. त्यात वाचणाऱ्या थोड्या, हे स्पष्ट सांगितलेले बरे. प्रतिजैविक दिले तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारा. दुकानातून आपल्या मनाने औषध आणू नका.

शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली टरफले वेगळ्या वाटीत ठेवा, कोंबडी हवी तेवढी खाते. तलंगांना मात्र अंडी सुरू होईपर्यंत हे देऊ नये, मूत्रपिंडे बिघडतात. पानाचा चुना तर कुणालाच नको.

आणि एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी बंद झाली, किंवा एकामागून एक मरू लागल्या, तर तो अडकलेल्या अंड्याचा प्रकार नव्हे. राणीखेत असू शकतो, बर्ड फ्लूही. 2025 च्या सुरुवातीला छिंदवाड्यात मांजरांमध्येसुद्धा बर्ड फ्लू सापडला होता. तेव्हा मेलेला पक्षी चिरायचा नाही, मुलांनी हात लावायचा नाही, 1962 वर फोन करून पशु चिकित्सा विभागाला कळवायचे.