बी उगवले नाही, आता दुकानदाराचे घर जाणार का?

प्रश्न : शिरपूरला माझे कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीचे बी उगवले नाही म्हणून एका शेतकऱ्याने कंपनीबरोबर मलाही ग्राहक आयोगात ओढले आहे. पाकीट सीलबंद, माल कंपनीचा, मग माझा काय संबंध? शिवाय गुमास्ता, जीएसटी, उद्यम सगळे दुकानाच्या नावाने आहे. निकाल विरुद्ध गेलाच तर दुकानापुरताच ना? की घर आत्ताच सौभाग्यवतींच्या नावावर करून टाकू?

उत्तर : आधी घराचे बघू, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. गुमास्ता, जीएसटी, उद्यम या नुसत्या नोंदण्या आहेत. त्यांनी दुकान तुमच्यापासून वेगळे होत नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर पाटीवर कोणत्याही देवाचे नाव असो, देणे तुमचेच. त्यामुळे वसुली घरापर्यंत येऊ शकते. भागीदारीत तर एका भागीदाराकडूनही सगळी रक्कम वसूल होते. कंपनी किंवा एलएलपी केली तर सहसा धंद्यात घातलेल्या पैशापुरतीच जोखीम राहते. मात्र बँकेच्या सीसीसाठी (कॅश क्रेडिट) वैयक्तिक हमी दिली असेल तर बँकेपुरते ते संरक्षण संपले. दिवाणी कायद्यात शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीतून सूट आहे खरी, पण ती मुख्यतः शेतीवर पोट असणाऱ्याला. सातबाऱ्यावर नाव आहे आणि गल्ला दुकानाचा, एवढ्यावर ती मिळत नाही.

आता तुमचा संबंध. बियाण्यांचा वेगळा कायदा असला तरी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. ‘प्रयोगशाळेचा अहवाल नाही, केस टिकणार नाही’ असे दुकानात बसून सांगणारे पुष्कळ भेटतील. पण शेतकऱ्याने बी पेरून टाकलेले असते, तपासायला तो आणणार कुठून? त्याच लॉटचे बी तपासून घेणे कंपनीला जास्त सोपे, असाच त्या निकालाचा रोख आहे.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादक आणि विक्रेता यांची जबाबदारी वेगवेगळी धरली आहे. सीलबंद, मुदतीतला माल जसाच्या तसा विकला असेल तर तुमची बाजू बरीच बळकट. ती बिघडते ती आपल्याच तोंडाने. ‘एकरी बारा क्विंटल, माझी गॅरंटी’ असे म्हटले की ती हमी कंपनीची राहत नाही, तुमची होते. दुसरी खोड हंगामातल्या गर्दीतली: कच्च्या चिठ्ठीवर ‘बी, ४ पाकिटे’ एवढेच खरडून देणे. ४७५ ग्रॅमच्या पाकिटावरचा लॉट क्रमांक आणि मुदत पक्क्या बिलावर असेल, शिवाय कंपनीकडून त्याच लॉटची खरेदी केल्याचे बिल जवळ असेल, तर बोट कंपनीकडे वळवता येते.

खरे नुकसान मात्र मला भलतीकडेच दिसते. ‘कंपनीचा वकील बघून घेईल’ म्हणून दुकानदार नोटीस गल्ल्याखाली सारतो. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हाती पडल्यापासून उत्तराला ३० दिवस मिळतात, फार तर १५ वाढवून. ४५ दिवसांनंतर आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले. कंपनीचे उत्तर कंपनीपुरते; तुमची बिले तुम्हालाच मांडावी लागतात. ती न मांडता २ लाखांचा आदेश झाला, तर राज्य आयोगात अपील करायला आधी निम्मे, म्हणजे १ लाख भरा. आणि गिऱ्हाईक बडवानी जिल्ह्यातल्या सेंधव्याचे असेल तर ते बडवानीतही तक्रार करू शकते, कारण आता ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते. प्रत्येक तारखेला दुकान बंद, तो खर्च आणखी वेगळा.

सौभाग्यवतींच्या नावावर घर? नोटीस आल्यावर केलेले बक्षीसपत्र घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केले असे दिसले, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते रद्द करून घेता येते. वर तुम्ही लपवाछपवी करता, असे आयोगापुढे दिसेल ते निराळेच. त्यापेक्षा आज संध्याकाळी त्या लॉटची दोन्ही बिले शोधा आणि उद्या वकिलाकडे जा.