फ्यूज का उडाला?

अशी कल्पना करा. तुमच्या घरी लग्न आहे. घर पाहुण्यांनी भरले आहे. आपा कपड्यांना इस्त्री करीत आहे. तेवढ्यात चाचींनी चहासाठी त्याच बोर्डावर विजेची किटली लावली. थोड्याच वेळात फ्यूज उडाला आणि खोलीत अंधार झाला. चाचा घाईत म्हणाले, "फ्यूजमध्ये जाड तार घाला, म्हणजे पुन्हा उडणार नाही."

तुम्ही काय कराल? आधी वही-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा.

वीज ज्या दाबामुळे तारेतून वाहते, त्याला विभवांतर म्हणतात. ते व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी ते सुमारे २३० व्होल्ट असते. तारेतून वाहणारी विजेची धारा अँपिअरमध्ये मोजतात. उर्दूत तिला 'बर्की रौ' म्हणतात. या धारेला होणारा विरोध म्हणजे रोध, म्हणजेच तुमचा 'मुझाहमत' हा शब्द. रोध ओहममध्ये मोजतात. दर सेकंदाला वापरली जाणारी ऊर्जा म्हणजे शक्ती. ती वॉटमध्ये मोजतात.

जर्मनीतील जॉर्ज सायमन ओहम हे शाळेत शिक्षक होते. त्यांनी धारा आणि रोध यांचा संबंध शोधला व १८२७ साली तो पुस्तकरूपाने मांडला. आपल्याला दोन सूत्रे पुरेशी आहेत :

रोध = विभवांतर ÷ धारा
शक्ती = विभवांतर × धारा

समजा, इस्त्री ४ अँपिअर धारा घेते.
रोध = २३० ÷ ४ = ५७.५ ओहम
शक्ती = २३० × ४ = ९२० वॉट

किटली ६ अँपिअर धारा घेते.
रोध = २३० ÷ ६ = सुमारे ३८.३ ओहम
शक्ती = २३० × ६ = १३८० वॉट

पाहिलेत ना? किटलीचा रोध कमी, म्हणून तिची धारा जास्त आणि शक्तीही जास्त.

आता बेरीज करा. ४ + ६ = १० अँपिअर. बोर्डाचा फ्यूज मात्र ५ अँपिअरचा! इस्त्री एकटी होती तोवर तो टिकला. किटली लागताच धारा अडीच पट झाली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून ती २.५ × २.५ = ६.२५ पट, म्हणजे सव्वासहा पट झाली. फ्यूजची बारीक तार वितळली आणि धारा थांबली.

फ्यूजने आपले कामच केले. तेथे जाड तार घातली असती, तर भिंतीतील तारा तापत राहिल्या असत्या आणि आग लागू शकली असती. आता अनेक घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असते. ती वारंवार पडत असेल, तर तिलाही दाबून धरू नका. कारण शोधा.

म्हणून चाचांना अदबीने सांगा, "चाचाजान, जाड तार नको. किटली स्वयंपाकघरातील मोठ्या सॉकेटवर लावू. फ्यूज मात्र जाणकार वायरमनकडूनच बसवून घेऊ."

शब्दार्थ
विरोध – अडथळा
वर्ग – संख्येला त्याच संख्येने गुणून येणारी संख्या
जाणकार – माहिती असलेला

स्वाध्याय
१. चाचांचा सल्ला धोक्याचा का होता? दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. एक गीझर २३० व्होल्टवर १० अँपिअर धारा घेतो. त्याचा रोध व शक्ती काढा.
३. घरातील इस्त्रीवर लिहिलेले वॉट वाचा. त्याला २३० ने भागून धारा काढा.